विचार अडवणारं शिरस्त्राण किती जाड हवं?

कॉमिक्समधल्या मॅग्नेटोने शिरस्त्राण चढवलं की प्रोफेसर झेवियरला त्याच्या मनात शिरता येत नाही. मानसिक हल्ल्यापासून वाचवणारं हे उपकरण आज या खलनायकामुळे प्रसिद्ध असलं, तरी कल्पना त्याच्याहून जुनी. जीवशास्त्रज्ञ ज्यूलियन हक्सली यांच्या १९२०च्या दशकातल्या एका विज्ञानकथेत दूरसंमोहनापासून बचावासाठी धातूच्या टोप्या आहेत.

धातूच का? धातूच्या पिंजऱ्यात बाहेरचं विद्युतक्षेत्र शिरत नाही, हे फॅरेडेने १८३६ मध्ये दाखवलं होतं आणि हक्सलींच्या काळात रेडिओचं नवल ताजं होतं. मन हे रेडिओ केंद्र मानलं, की टोपी धातूचीच होणार.

तसं मानणारे सगळेच खुळे नव्हते. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर तरुणपणी लष्करात असताना घोड्यावरून पडून तोफगाड्याखाली सापडता सापडता वाचले. त्याच दिवशी त्यांची खुशाली विचारणारी वडिलांची तार आली, कारण दूर असलेल्या बहिणीला अचानक काहीतरी अशुभ वाटलं होतं. मनाची ही ऊर्जा शोधायचीच, या ध्यासाने त्यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा पहिला विद्युत आलेख नोंदवला. टेलिपथी सापडली नाही; ईईजी सापडला. माझ्या मते विज्ञानातली ही सर्वांत फायद्याची चुकलेली वाट.

आता शिरस्त्राणाचा हिशोब करू. मेंदूच्या ठळक लहरी सेकंदाला दहाएक वेळा हेलकावतात. मोबाइलच्या लहरी अब्जावधी वेळा. फरक इथेच पडतो: कंपनं जितकी मंद, तितकी लहर धातूत खोल उतरते. मोबाइलची लहर ॲल्युमिनियममध्ये काही मायक्रॉनांतच मरते. दहा हर्ट्झची लहर मात्र सुमारे अडीच सेंटीमीटर आत गेल्यावर कुठे एकतृतीयांशावर येते. म्हणजे पातळ पत्र्याच्या टोपीचा उपयोग शून्य, आणि उपयोगी टोपी घालून मान सरळ ठेवणं कठीण. निकेल-लोखंडाचा म्यू-मेटल नावाचा मिश्रधातू मंद चुंबकीय क्षेत्रं चांगली वळवतो, पण त्याचे पत्रे वापरतात ते मेंदूचं चुंबकत्व मोजणाऱ्या खोल्यांच्या भिंतींना. मेंदूचं क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राहून कोट्यवधी पटींनी दुबळं असतं. बाहेरचा गोंगाट थोपवल्याशिवाय ते ऐकूच येत नाही.

आणि ही मोजणी डोक्याला जवळजवळ चिकटून करावी लागते. खोलीच्या पलीकडून कुणी विचार सोडलेच, तर ते अडवायला शिरस्त्राण लागणारच नाही. हवाच पुरेल.

बाहेरून मेंदूत खरोखर शिरणारं एक यंत्र मात्र आहे. १९८५ मध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी शेफील्डमध्ये ते दाखवलं. डोक्यावर तारेचं वेटोळं धरून त्यातून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडायचा. एकदीड टेस्लाचा चुंबकीय झटका कवटी पार करून मज्जापेशी चेतवतो आणि आपण न हलवता आपलं बोट हलतं. आज नैराश्यावरच्या उपचारांतही हे तंत्र वापरतात. पण त्याचा जोर दोन-तीन सेंटीमीटरच आत पोचतो, आणि वेटोळं वीतभर लांब नेलं तर बोट जागचं हलत नाही. तेव्हा या हल्ल्याविरुद्ध मॅग्नेटोने लोखंडाऐवजी वीतभर जाडीची थर्माकोलची टोपी घालावी. दिसेल विचित्र, पण काम चोख करेल.