मध्ययुग जगणारी कुटुंबं: एका छंदाची मुळं

मध्ययुगाची नक्कल करण्याची हौस मध्ययुगाइतकीच जुनी आहे. 1223 च्या सुमारास सायप्रसमध्ये इबेलिन या सरदार घराण्यातल्या मुलांना नाइट, म्हणजे चिलखती घोडेस्वार वीर, ही पदवी दिली, तेव्हा जमलेल्या सरदारांनी दंतकथेतला राजा आर्थर आणि त्याच्या गोलमेजाचे प्रसंग वठवले होते. 1344 मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने विंडसरला स्वतःचं गोलमेज मंडळ काढायची घोषणा केली आणि त्यासाठी 200 फूट व्यासाची गोल इमारत बांधायला घेतली. ती अर्धवटच राहिली. आपल्या आधीचा काळ जास्त उमदा होता, असं त्यांनाही वाटायचं.

पण तो सरदारांचा खेळ होता. आज आई-वडील आणि शाळकरी मुलं आठवडाभर राहुटीत मुक्काम करतात, त्या रीएनॅक्टमेंटची, म्हणजे जुना काळ वेशासकट पुन्हा जगण्याच्या छंदाची, वाट वेगळी आहे. माझं मत असं की हा छंद घराघरात शिरला तो तलवारीमुळे नाही, चुलीमुळे. तरी गोष्ट सुरू करावी लागते ती तलवारीपासूनच.

1838 मध्ये राणी व्हिक्टोरियाचा राज्याभिषेक झाला, तेव्हा खर्च वाचवण्यासाठी मेजवानी आणि राजाच्या वतीने आव्हान देणाऱ्या चिलखती राजवीराची घोडेस्वारी हे जुने विधी गाळले गेले. जुन्या घराण्यांना ते फार लागलं. त्यात वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅनहो’ ही कादंबरी येऊन वीस वर्षं होत आली होती आणि चिलखती वीरांचं वेड सुशिक्षित घरांत मुरलेलं होतं. एग्लिंटनच्या तेराव्या अर्लने, म्हणजे तिथल्या सरदाराने, ऑगस्ट 1839 मध्ये स्कॉटलंडमधल्या आपल्या जहागिरीत खरीखुरी भाल्यांची झुंज ठेवली. लंडनच्या एका व्यापाऱ्याने चिलखतं पुरवली, तालमी झाल्या, आणि पाहायला लाखभर माणसं लोटली. पहिल्याच दिवशी आभाळ फाटलं. मैदानाचा चिखल झाला आणि मानकऱ्यांना छत्र्या उघडाव्या लागल्या. अर्लला या सोहळ्यासाठी अमाप पैसा मोजावा लागला. पण मला त्यातली खरी उणीव पावसाची वाटत नाही. मूठभर माणसं चिलखतात आणि बाकीची लाखभर नुसती बघायला, ही ती उणीव. लहान मुलाला तिथे करण्यासारखं काहीच नव्हतं.

ती बाजू भरून निघाली जर्मनीत. बव्हेरियातल्या लँड्सहुट शहरात 1475 मध्ये ड्यूकचा मुलगा गेओर्ग आणि पोलंडची राजकन्या हेडविग यांचं लग्न मोठ्या थाटात झालं होतं. नगरभवनातल्या भित्तिचित्रांत ती वरात रंगवलेली आहे. ती चित्रं बघूनच गावकऱ्यांनी 1903 मध्ये वरात पुन्हा काढली, आणि हल्ली दर चार वर्षांनी ती निघते. दोन हजारांहून जास्त माणसं त्यात असतात, लहान मुलंसुद्धा. केसांचे टोप चालत नाहीत, म्हणून पुरुष कित्येक महिने आधीपासून केस वाढवतात. आजोबा, मुलगा, नातू एकाच वरातीत चालतात. इथे इतिहास नुसता बघायचा राहिला नाही, घरातून अंगावर घालून निघायचा झाला.

दुसरा धागा संग्रहालयांचा. स्टॉकहोममध्ये आर्तुर हाझेलियुसने 1891 मध्ये स्कान्सेन हे खुलं संग्रहालय उघडलं. जुनी घरं उचलून आणली आणि त्यांत जुन्या वेशातली माणसं ठेवली. डेन्मार्कमधल्या लायरच्या संशोधन केंद्राने, जे 1964 मध्ये सुरू झालं, आणखी पुढचं पाऊल टाकलं: साध्या कुटुंबांना उन्हाळ्याच्या सुट्टीत लोहयुगातल्यासारख्या घरांत राहायला बोलावलं. तो काळ मध्ययुगाच्याही आधीचा, पण कल्पना हीच. धूर डोळ्यांत जातो, जात्यावर दळताना हात भरून येतात, आणि मग पुस्तकातली एक ओळ एकदम कळते.

अमेरिकेत हा छंद एका घराच्या परसात जन्मला. 1 मे 1966 रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमध्ये मध्ययुगीन साहित्याची विद्यार्थिनी डायना पॅक्सन हिने मित्रमंडळींना मध्ययुगीन वेशात झुंजीसाठी बोलावलं. शेवटी सगळे विसाव्या शतकाचा निषेध करत रस्त्यावरून मिरवत गेले. पुढच्या वेळी उद्यान राखून ठेवायचं तर अर्जावर संस्थेचं नाव हवं, म्हणून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ हे नाव पडलं. संस्थेचा नियम सुरुवातीपासून एकच मोलाचा: येणाऱ्या प्रत्येकाने सतराव्या शतकाआधीचा वेश करायचा निदान प्रयत्न करायचा. नुसता प्रेक्षक म्हणून कुणी येत नाही. तलवारी वेताच्या, त्यामुळे पूर्ण ताकदीने वार करता येतो. मुलांसाठी स्पंज गुंडाळलेली शस्त्रं असतात. 1972 पासून पेनसिल्व्हेनियात भरणाऱ्या ‘पेन्सिक वॉर’ला आता दहा हजारांच्या आसपास लोक जमतात, आणि तिथल्या तंबूंच्या नगरात पाळण्यातल्या बाळांपासून पणजीपर्यंत सगळे भेटतात.

ब्रिटनमध्ये 1986 च्या ‘रेजिया अँग्लोरम’सारख्या रीएनॅक्टमेंट मंडळांनी लढाईइतकंच लक्ष वस्तीकडे दिलं: लोहार, सुतार, विणकर, चूल. केंट परगण्यात त्यांनी लाकडी दिवाणखान्याचं आख्खं घर स्वतः उभं केलं. लढायला वयाची अट असते, टकळीवर सूत काढायला नसते. म्हणून घर जमतं ते या वस्तीत.

कड्यांचं चिलखत हे तर घरभर करायचं काम. पोलादी तार दांड्याभोवती घट्ट गुंडाळायची, स्प्रिंगसारखं वेटोळं झालं की एका रेषेत कापायचं, सुट्या कड्या हातात येतात. मग दोन पकडी घेऊन एकेक कडी शेजारच्या चार कड्यांतून ओवायची आणि तोंड मिटवायचं. मोठ्या माणसाच्या अंगरख्याला 20,000 ते 30,000 कड्या लागतात. जुन्या चिलखतात कड्यांच्या तोंडाला बहुधा रिव्हेट, म्हणजे बारीक खिळा, ठोकलेली असे (काहींत एक आड एक ओळ अखंड कड्यांची असे), छंदाच्या चिलखतात बहुधा नसते. आज स्वीडनमध्ये असलेल्या गोटलंड बेटावर विस्बी शहराबाहेर 1361 मध्ये डॅनिश फौजेने शेतकऱ्यांची कत्तल केली. विसाव्या शतकात त्यांच्या सामूहिक कबरी उकरल्या, तेव्हा कड्यांच्या टोप्या कवट्यांवर तशाच होत्या. मेलेल्यांत मिसरूडही न फुटलेली मुलं होती आणि म्हातारेही. त्याच विस्बीत 1984 पासून दर ऑगस्टला मध्ययुग सप्ताह भरतो. कड्या ओवणाऱ्या मुलाला ही गोष्ट सांगावी, असं मला मनापासून वाटतं.

आणि कपडे. चित्रांत राजेराण्या दिसतात, साध्या माणसाचा शिवलेला कपडा क्वचितच हाती लागतो. म्हणून ग्रीनलंडमधल्या हेर्योल्फ्सनेसच्या मध्ययुगीन दफनभूमीला या छंदात फार मान आहे. 1921 मध्ये डॅनिश पुरातत्त्वज्ञ पॉल नोर्लुंडने तिथे उत्खनन केलं. शवपेट्यांच्या तुटवड्यामुळे प्रेतं अंगावरच्या लोकरी कपड्यांत गुंडाळून पुरलेली होती, आणि गोठलेल्या जमिनीने ते कपडे राखले. त्यांत एका लहान मुलाचा झगाही आहे. कमरेखाली कळ्या घालून घेर दिलेला, म्हणजे पळताना पायांत अडकू नये. आज घरोघर त्याच बेतावर मुलांचे झगे बेततात. खाली दुमड मोठी ठेवतात, मूल वाढलं की उसवून सोडतात, आणि दोन-तीन उन्हाळ्यांनी तो झगा धाकट्याच्या अंगावर येतो.