दिसायला दूध, स्वभावाने डाळ

गेल्या पावसाळ्यात आमच्या गोरेगावच्या घरी एक नातलग चार दिवस राहायला आले होते. त्यांना दूध सोसत नाही, म्हणून सोयादुधाचा डबा आणून ठेवला होता. पहिल्याच सकाळी नेहमीच्या हाताने चहापत्ती चांगली उकळली, वरून फ्रिजमधले गार सोयादूध ओतले आणि बघता बघता चहात पांढऱ्या कण्या तरंगू लागल्या. डबा नुकताच फोडलेला होता आणि त्यावरची तारीखही पुढची होती, म्हणजे दूध नासलेले नव्हते. चहा किंचित आम्ल असतो, त्यात टॅनिन हे तुरट द्रव्य असते आणि तो उकळता होता. सोयातील प्रथिनांना एकत्र गोळा व्हायला एवढे निमित्त पुरते. म्हशीच्या दुधातील केसीन हे प्रथिन उष्णता आणि सौम्य आम्लता बऱ्यापैकी सोसते, सोयाची प्रथिने तितकी सोसत नाहीत. दुसऱ्या दिवशी सोयादूध वेगळे कोमट करून घेतले, चहा थोडा निवू दिला आणि मग दोन्ही एकत्र केले, तेव्हा कुठे चहा जमला.

सोयादुधाचे फायदे आणि तोटे समजून घ्यायला या फाटलेल्या चहापासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण रंगाने आणि दाटपणाने दुधासारखा दिसणारा हा पदार्थ मुळात एका कडधान्याचा अर्क आहे. त्याचे गुण डाळीचे आहेत आणि खोडीही डाळीच्याच आहेत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांत ‘दूध’ हा शब्द जनावराच्या दुधासाठी राखलेला आहे आणि २०२१ साली या प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना वनस्पतिजन्य पेये ‘दूध’ म्हणून विकू नयेत असे बजावले. म्हणून हल्ली डब्यांवर ‘सोया ड्रिंक’ किंवा ‘सोया बेव्हरेज’ असे छापलेले दिसते. नारळाचे दूध म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हा वाद जरा नाजूक वाटेल आणि या लेखातही सोयीसाठी सोयादूध हाच शब्द वापरला आहे. पण नाव बदलल्याने खाणाऱ्याचा एक फायदा होतो, तो म्हणजे डब्यातला पदार्थ दुधाची हुबेहूब जागा घेतो हा समज ढिला पडतो.

सोयाबीन महाराष्ट्राला नवे नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ च्या सुमारास गांधीजींच्या प्रेरणेने सोयाबीन रोजच्या जेवणात आणण्याचे प्रयोग झाले होते. आज मराठवाडा आणि विदर्भ सोयाबीनने भरलेले असतात आणि लातूरच्या बाजारातला त्याचा भाव राज्यभर विचारला जातो. तरीही या पिकातला फार मोठा वाटा तेल काढण्यासाठी आणि उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यासाठी जातो. माणसाच्या पेल्यात येणारे सोयाबीन त्या मानाने किरकोळच. हे खेदाचे आहे असे मला वाटते, कारण तुरीच्या डाळीत जिथे साधारण २२ टक्के प्रथिन असते, तिथे सोयाबीनमध्ये ते ३६ ते ४० टक्क्यांपर्यंत असते आणि शिवाय सुमारे २० टक्के तेल असते. प्रथिनाचा दर्जाही चांगला आहे. शरीराला लागणारी सगळी आवश्यक अमिनो आम्ले त्यात आहेत. मेथिओनिन तेवढे थोडे कमी पडते, पण ते भात-पोळीतून मिळते आणि भात-पोळीत कमी असलेले लायसिन सोयातून मिळते.

मग हे कडधान्य आपण हरभऱ्यासारखे सहज का खात नाही? त्याचे एक कारण वासात आहे. सोयाबीनच्या दाण्यात लायपॉक्सिजिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते. दाणा पाण्यात वाटला, की ते त्यातल्या तेलावर काम करू लागते आणि हेक्सॅनलसारखी संयुगे तयार होऊन कच्च्या शेंगेसारखा हिरवट वास सुटतो. गार पाण्यात वाटलेल्या सोयादुधाला हा वास हमखास येतो. दाणे जवळजवळ उकळत्या पाण्यात वाटले, तर विकर कामाला लागण्याआधीच निकामी होते. मोठ्या कारखान्यांतही याच तत्त्वावर वास आटोक्यात ठेवतात.

घरी सोयादूध करण्याची रीत वालाचे बिरडे करणाऱ्या घरांना शिकवावी लागत नाही. दाणे रात्रभर भिजवायचे, सकाळी पाण्यात चोळून साले सुटी करायची, ती वर तरंगली की ओतून टाकायची. मग दाणे कडक गरम पाणी घालून मिक्सरमध्ये बारीक वाटायचे, उकळायचे आणि मलमलच्या फडक्यातून पिळून गाळायचे. यातली खरी मेख उकळण्यात आहे. दूध वर आले की गॅस बंद करायचा ही आपल्या हाताची सवय. सोयादूध मात्र ८० अंशांच्या आसपासच फेसाळून भांड्याच्या काठापर्यंत चढते, कारण त्यातली सॅपोनिन्स रिठ्यातल्या सॅपोनिन्ससारखीच फेस करतात. हे उतू जाणे म्हणजे उकळी नव्हे. फेस पळीने मोडत, आच कमी करत, खरी उकळी आल्यानंतर पुढे १५ ते २० मिनिटे ते मंद आचेवर ठेवावे लागते.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर शंभर वर्षांपेक्षा जुने आहे. ऑसबोर्न आणि मेंडेल या अमेरिकी संशोधकांनी १९१७ साली दाखवून दिले की कच्च्या सोयाबीनवर वाढवलेले उंदीर नीट वाढत नाहीत, पण तेच सोयाबीन शिजवून दिले तर वाढतात. पुढे १९४५ साली मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून ट्रिप्सिनला अडवणारे प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिने पचवणारे विकर आहे. त्यालाच अडवले, की प्रथिनाने भरलेला पेला पोटात जाऊनही त्याचा पुरता उपयोग होत नाही आणि मळमळ, उलट्या, जुलाब होऊ शकतात. अर्धवट तापवलेल्या सोयादुधामुळे असे त्रास झाल्याच्या घटना चीनमध्ये नोंदल्या गेल्या आहेत. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने हा कुनिट्झ घटक नसलेले एनआरसी १२७ सारखे वाण काढले आहेत, ते याच अडचणीवरचा उपाय म्हणून. बंद डब्यातले सोयादूध कारखान्यात पुरेसे तापवलेले असते, त्यामुळे ही काळजी घरी करणाऱ्यांनी आणि सुट्या बाटलीतले घेणाऱ्यांनी करायची आहे.

आता पेल्यात नेमके काय येते ते पाहू. इंटरनेटवरचे तक्ते सोयादुधाची तुलना बहुधा परदेशी गाईच्या दुधाशी करतात. मुंबईकराच्या घरी मात्र पिशवीचे टोन्ड दूध येते, नाहीतर तबेल्यातले म्हशीचे. गोरेगावची आरे दूध वसाहत १९४९ पासून या शहराला म्हशीच्या दुधाची चव लावत आली आहे. टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश असतो, फुल क्रीममध्ये ६ टक्के आणि तबेल्यातल्या म्हशीच्या दुधात त्याहूनही थोडा अधिक. साध्या सोयादुधात तो दोन टक्क्यांच्या आसपास असतो, बहुतांशी असंतृप्त असतो आणि कोलेस्टेरॉल अजिबात नसते. प्रथिन दर १०० मिलिलिटरला साधारण ३ ग्रॅम, म्हणजे टोन्ड दुधाच्या जवळपास. बदाम किंवा ओटपासून केलेली पेये या बाबतीत सोयाच्या पासंगालाही पुरत नाहीत आणि तरी ती जास्त भावाने विकली जातात.

कमतरता आहे ती कॅल्शियमची आणि ब-१२ जीवनसत्त्वाची. प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्राम कॅल्शियम लागते असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची शिफारस सांगते. गाईच्या दुधात ते दर १०० मिलिलिटरला सुमारे १२० मिलिग्राम असते, तर घरी केलेल्या सोयादुधात त्याच्या चौथ्या हिश्शाइतकेही क्वचितच भरते. डब्यातल्या काही पेयांत कॅल्शियम वरून घातलेले असते, पण ते तळाशी बसते. डबा जोरात हलवल्याशिवाय ओतला, तर विकत घेतलेले कॅल्शियम डब्याबरोबर कचऱ्यात जाते. घरी केलेले पिणाऱ्यांना दर १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रामच्या आसपास कॅल्शियम देणारी नाचणी आहे, तीळ आहेत आणि मासे खाणाऱ्यांना काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी आहे.

ब-१२ चे दुखणे अधिक गंभीर आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतीत मिळत नाही आणि मुंबईतल्या असंख्य शाकाहारी घरांत दूध, दही, ताक हाच त्याचा मुख्य मार्ग आहे. अंडे-मासे खाणाऱ्याने दूध सोडून सोया धरले तर फारसे बिघडत नाही. काटेकोर शाकाहारी माणसाने तसे केले आणि ब-१२ घातलेले पेय किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेतली नाही, तर यकृतातला साठा संपेपर्यंत काही वर्षे काहीच जाणवत नाही आणि मग हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा सुरू होतो.

दूध सोडण्याची कारणेही तपासून पाहावीत. दुधातली लॅक्टोज ही साखर न पचणे वेगळे आणि दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असणे वेगळे. पहिल्या प्रकारात अर्धा कप दूध किंवा दही बहुतेकांना चालते, कारण विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज आधीच संपवतात. त्यांना सोया ही सोय आहे, सक्ती नाही. दुसऱ्या प्रकारात दूध पूर्ण बंद करावे लागते, पण सोयाचीही ॲलर्जी असू शकते आणि दुधाची ॲलर्जी असलेल्या काही बाळांना ती असतेही. गंमत अशी की पोट फुगते म्हणून दूध सोडलेल्यांपैकी काहींचे पोट सोयादुधानेही फुगते. रॅफिनोज आणि स्टॅकिओज या सोयातल्या शर्करा पचवणारे विकर माणसाच्या आतड्यात नाही, त्यामुळे त्या मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातात आणि वायू होतो. हरभरा आणि वाटाणा खाल्ल्यावर होते तेच. भिजवलेले पाणी फेकून दिल्याने त्यांचा काही भाग जातो.

हृदयाला होणाऱ्या फायद्याचा इतिहास बोधप्रद आहे. १९९५ साली अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात सोया प्रथिनामुळे घातक कोलेस्टेरॉल जवळपास १३ टक्क्यांनी उतरल्याचे दिसले आणि १९९९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिवसाला २५ ग्रॅम सोया प्रथिनाचा हृदयाला फायदा होतो असे डब्यावर छापायला परवानगी दिली. नंतरच्या प्रयोगांत ही घट ३ ते ४ टक्क्यांवर आली आणि २०१७ साली त्याच प्रशासनाने ती परवानगी काढून घेण्याचा प्रस्ताव मांडला. शिवाय २५ ग्रॅम प्रथिनासाठी दिवसाला पाऊण लिटरहून अधिक सोयादूध प्यावे लागेल. फुल क्रीमच्या जागी सोया घेणाऱ्याला संतृप्त स्निग्धांश कमी झाल्याचा लाभ मिळतो, तो खरा. पण तो डबल टोन्ड दूध घेऊनही बराचसा मिळतो.

शिवाजी पार्कला सकाळी चालायला येणाऱ्या पुरुषांच्या गप्पांत सोयाविषयी एक भीती हमखास ऐकू येते, ती म्हणजे त्याने बायकी संप्रेरके वाढतात. सोयातील जेनिस्टीन आणि डेडझीन या आयसोफ्लेव्होन्स नावाच्या संयुगांची रचना इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाशी मिळतीजुळती असते आणि ती पेशींतल्या त्याच ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटतात, पण फार क्षीणपणे. पुरुषांवरच्या प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणांत टेस्टोस्टेरॉनवर लक्षणीय परिणाम दिसलेला नाही. या भीतीला पुरावा म्हणून २००८ साली प्रसिद्ध झालेले एका ६० वर्षांच्या माणसाचे उदाहरण दिले जाते. त्याची छाती वाढली होती हे खरे, पण तो रोज जवळपास तीन लिटर सोयादूध पीत होता आणि ते थांबवल्यावर तक्रार दूर झाली. रोज तीन लिटर काहीही पिणाऱ्याने डॉक्टरांकडे जावे. स्तनाच्या कर्करोगाबाबतही आहारातल्या नेहमीच्या प्रमाणातील सोयाने धोका वाढत असल्याचे निरीक्षणांत आढळलेले नाही. एकवटलेल्या आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या मात्र वेगळी बाब आहे, त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी घड्याळाकडे लक्ष द्यावे. सहा वाजता उपाशीपोटी लेव्होथायरॉक्सिन आणि साडेसहाला पेलाभर सोयादूध, असा क्रम बसला तर सोया त्या औषधाचे शोषण कमी करते आणि डोस कमी पडल्यासारखा होतो. दोन्हींमध्ये चार तासांचे अंतर ठेवावे आणि सोया सुरू केल्याचे डॉक्टरांना सांगावे.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला सोयादूध देऊ नये. डॉक्टर सुचवतात ते सोयाचे शिशुआहार वेगळे असतात. त्यांत बाळाला लागणारे घटक मोजून घातलेले असतात.

विकतच्या डब्यावर मी आधी साखर बघतो, मग कॅल्शियम, मग ब-१२. चॉकलेट किंवा केशर-पिस्ता चवीच्या डब्यावर दर १०० मिलिलिटरला ८ ग्रॅम साखर छापलेली असेल, तर २०० मिलिलिटरच्या डब्यात ती १६ ग्रॅम, म्हणजे चार चमचे झाली. एवढी साखर घरच्या दुधात कोणी आपल्या हाताने घालणार नाही. ‘बिनसाखरेचे’ लिहिलेला डबा चवीला बेताचाच लागतो, पण इडलीच्या किंवा आंबोळीच्या पिठात घालायला तोच बरा.

घरी करणाऱ्यांकडे शेवटी फडक्यात चोथा उरतो. दाण्यातला बहुतेक तंतुमय भाग त्यातच राहिलेला असतो आणि बरेचसे प्रथिनही. गाळण्याआधी उकळलेले असल्याने तो शिजलेला असतो, पण लवकर आंबतो. म्हणून त्याच दिवशी भाजणीत कालवून, कांदा आणि ओवा घालून त्याची थालीपिठे लावावीत. आमच्या त्या नातलगांनी चहाबद्दल अवाक्षर काढले नाही, थालीपिठे मात्र मागून घेतली.