स्लो-प्ले (लिमिट पोकर)

हातात भक्कम पाने असताना ती बेताचीच आहेत असे भासवत खेळणे, याला पोकरमध्ये स्लो-प्ले म्हणतात. जिथे बेट (पैसे लावणे) किंवा रेज (समोरच्याची बेट वाढवणे) करावी तिथे भिडू नुसता चेक (पैसे न लावता पाळी पुढे देणे) किंवा कॉल (समोरच्याइतकेच पैसे टाकणे) करतो. बाकीच्यांनी पाने टाकून पळू नये आणि पुढच्या फेऱ्यांत पॉटमध्ये, म्हणजे मधल्या जमा रकमेत, जास्त पैसे टाकावेत, हा त्यामागचा हेतू. ब्लफमध्ये नसलेले बळ दाखवतात, इथे असलेले झाकतात. जुने लोक यालाच सँडबॅगिंग म्हणत, आणि त्यात थोडी नापसंतीही असे. आधी चेक करून मग रेज करायला काही घरगुती डावांत चक्क बंदी असायची.

लिमिट प्रकारात बेटची रक्कम ठरलेली असते. टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि मग सगळ्यांची सामाईक पाने उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर). हाती पाने आल्यावर आणि पुढे दर टप्प्याला पैसे लावण्याची एकेक फेरी. १०–२० च्या डावात पहिल्या दोन फेऱ्यांत, म्हणजे फ्लॉपपर्यंत, बेट आणि रेज १० ची. टर्न आणि रिव्हरला २० ची. एका फेरीत बहुधा एक बेट आणि तीन रेज, त्यापुढे कॅप, म्हणजे रेज बंद. स्लो-प्लेचे सगळे गणित या दुपटीवर उभे आहे. समजा, फ्लॉपला समोरच्याने १० टाकले. लगेच रेज केली तर तो २० देतो, सावध होतो आणि पुढे दोन्ही फेऱ्यांत फक्त कॉल करतो: एकूण ६०. रेज न करता कॉल केला, टर्नला त्याने पुन्हा २० टाकल्यावर रेज केली आणि तो रिव्हरपर्यंत टिकला, तर १०, ४० आणि २० मिळून ७०. फायदा एका छोट्या बेटचा. तो टर्नच्या रेजवर पाने टाकून मोकळा झाला तर मात्र हाती ३०च. आणि समोरचाही जोरात असता, तर फ्लॉपलाच कॅपपर्यंत ४० निघाले असते ते वेगळेच.

म्हणूनच लिमिटमध्ये स्लो-प्ले वाटते त्याहून क्वचितच योग्य ठरतो. इथे पॉटच्या मानाने बेट लहान असते, त्यामुळे बेट केली की सगळे पळतील ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. सहा जणांनी फ्लॉपआधी प्रत्येकी २० टाकले की पॉट १२०. त्यात १० ची बेट आली की पुढच्याला १३० साठी १० द्यायचे आहेत. मधले एकच पान लागून सीक्वेन्स पुरी होणार असेल, तर न दिसलेल्या ४७ पानांपैकी ४ त्याच्या कामाची; पान न लागण्याचे प्रमाण जवळपास ११ ला १. तो कॉल करणार, आणि बरोबरच करणार. ज्याला फक्त दोनच पाने उपयोगी आहेत, तोही अनेकदा कॉल करतो, पण त्याचे प्रमाण २२ ला १ च्याही वर आहे. जिंकणाऱ्याची कमाई अशांच्या कॉलमधून होते. चेक करून त्याला फुकट पान दाखवणे म्हणजे ही कमाई आपणहून सोडणे. हातात नव्वीची जोडी, फ्लॉपवर तिसरी नव्वी, पण सोबत बदामची दोन पाने असतील तर गप्प बसण्यात चतुराई काहीच नाही: हातात दोन बदाम असलेल्याचा फ्लश, म्हणजे पाच बदाम, रिव्हरपर्यंत ३५ टक्के वेळा पुरा होतो.

पोकरवर लिहिणारे डेव्हिड स्क्लान्स्की यांनी ‘द थिअरी ऑफ पोकर’ या पुस्तकात स्लो-प्लेसाठी घातलेल्या अटी आजही प्रमाण मानल्या जातात. हात अतिशय भक्कम हवा. फुकट पानाने समोरच्याचा हात सुधारावा, पण आपल्यापुढे जाऊ नये. बळ दाखवले तर तो पळेल अशी खात्री हवी. आणि पॉट अजून फार मोठा झालेला नसावा. सत्तीची जोडी हातात आणि फ्लॉपवर सत्ती, सत्ती, राणी आली, की या अटी पुऱ्या होतात. चारही सत्त्या आपल्याकडे. ज्याच्याकडे राणी आहे तो कसाही येणारच. थांबायचे ते एक्का धरून बसलेल्यासाठी, टर्नला त्याची जोडी लागावी म्हणून.

टर्नपर्यंत थांबण्याचे आणखी एक कारण आहे, ते मात्र नेमके उलटे: लोकांना ठेवण्याचे नव्हे, घालवण्याचे. वरच्याच डावात फ्लॉपला सहाही जणांनी १० दिले तर पॉट १८० होतो. टर्नला एकाने २० टाकले आणि लगेच पुढच्याने ४० ची रेज केली, की तिसऱ्याला २४० साठी ४० मोजावे लागतात, म्हणजे ६ ला १. मघाशी बिनदिक्कत कॉल करणाऱ्या सीक्वेन्सवाल्याला हा भाव परवडत नाही. बाहेरून दोन्ही चाली सारख्याच दिसतात, आणि चर्चेत त्यांची सर्रास गल्लत होते.

कॅलिफोर्नियात १९८७ मध्ये होल्डेमला कायदेशीर मान्यता मिळाल्यानंतर तिथल्या कार्डरूममध्ये लिमिट होल्डेम जोरात चालला. २००३ नंतर नो-लिमिटची, म्हणजे बेटच्या रकमेला मर्यादा नसलेल्या प्रकाराची, लाट आली आणि तो मागे पडला. पण त्याचा अभ्यास थांबला नाही. २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘सेफियस’ या प्रोग्रामद्वारे दोन खेळाडूंचा लिमिट होल्डेम व्यवहारतः सोडवल्याचे, म्हणजे जवळजवळ न हरणारी खेळी शोधल्याचे, जाहीर केले. त्यात स्लो-प्लेचा एक अनपेक्षित नमुना निघाला. डीलरच्या जागेवरून पहिल्या फेरीत शेवटची रेज करून कॅप लावणे, हे अनेक पट्टीचे खेळाडू सर्रास करतात. सेफियस जवळजवळ कधीच करत नाही. एक्क्यांची जोडी हातात असतानाही तो ०.०१ टक्क्यापेक्षा कमी वेळा कॅप लावतो. बाकी वेळी नुसता कॉल करतो आणि फ्लॉपची वाट पाहतो.