किल्ली घरात आणि कुलूप बाहेर: व्हर्च्युअल मशीनमध्ये गेलेला सर्व्हर का अडतो?

रात्रीचा दीड वाजला होता. आठ वर्षं एकाच यंत्रावर चाललेला लिनक्स सर्व्हर आम्ही व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात, हलवत होतो. डिस्कची अख्खी नक्कल झाली होती, नक्कल तंतोतंत आहे का ते तपासणारा चेकसमही जुळला होता. नवं मशीन सुरू केलं, कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, ओळी भराभर वर सरकल्या आणि एका ओळीवर सगळं थिजलं: रूट म्हणजे मुख्य फाइल सिस्टीम माउंट होत नाही, जोडलीच जात नाही, कर्नल पॅनिक. एकही बिट हरवला नव्हता, तरी सर्व्हरला स्वतःची डिस्क सापडत नव्हती.

कर्नल सुरू होतो तेव्हा त्याच्यासोबत इनिटरॅमएफएस नावाचं एक छोटं गाठोडं असतं. डिस्क वाचायला लागणारे ड्रायव्हर त्यात असतात. आमचं गाठोडं जुन्या यंत्रावर बांधलेलं, त्यामुळे त्यात जुन्या रेड (RAID) कार्डाचा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचा, ड्रायव्हर होता. नवी डिस्क मात्र व्हर्टआयओ या आभासी उपकरणांच्या पद्धतीने बोलणारी. तिचा ड्रायव्हर त्याच डिस्कवर पडलेला होता, पण डिस्क उघडल्याशिवाय तो हाती येणार कसा? शेवटी दुरुस्तीसाठीच्या रेस्क्यू आयएसओवरून बूट केलं, रूट विभाजन हाताने माउंट केलं आणि व्हर्टआयओ घालून गाठोडं नव्याने बांधलं. पुढच्या बूटला लॉगिनची ओळ आली. विंडोजमध्ये हाच बिघाड निळ्या पडद्यावर ‘७बी’ या स्टॉप कोडने दिसतो. जुनं यंत्र चालू असतानाच नवा ड्रायव्हर घालून ठेवला असता, तर ती रात्र वाचली असती.

स्थलांतरातले बहुतेक बिघाड याच जातीचे असतात. सर्व्हर आपल्या जुन्या हार्डवेअरच्या खुणा जागोजागी लिहून ठेवतो आणि नव्या जागी गेल्यावर त्याच शोधत बसतो. कोणती डिस्क कुठे जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलीत डिस्कचं नाव ‘एसडीए’ असं लिहिलेलं असेल आणि नव्या मशीनमध्ये ती ‘व्हीडीए’ झाली असेल, तर बूट अर्ध्यावर थांबतं. तिथे यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टीमचा स्वतःचा ओळख-क्रमांक, लिहिलेला बरा. जुनं यंत्र बायोस या जुन्या बूट पद्धतीवर चालणारं असेल आणि नवं मशीन यूईएफआय या नव्या पद्धतीचं बनवलं, तर कर्नल सुरू करून देणाऱ्या बूटलोडरपर्यंतही गाडी पोचत नाही. नेटवर्कचा घोळ जास्त फसवा आहे. जुन्या लिनक्समध्ये उपकरणांना नावं देणारा यूडेव्ह नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा मॅक ॲड्रेस, म्हणजे कार्डाची ओळख, नोंदवून त्याला ‘ईथ०’ हे नाव कायमचं देऊन टाकतो. नव्या कार्डाचा मॅक वेगळा, म्हणून ते ‘ईथ१’ होतं आणि आयपीची सेटिंग्ज मात्र ‘ईथ०’पाशीच राहतात. अशा वेळी लोक तासभर स्विच आणि फायरवॉल तपासत बसलेले मी पाहिले आहेत. आधी कार्डाचं नाव पाहावं.

मशीन नीट बूट झालं की एक टप्पा संपतो. चालू मशीनचे आजार निराळे असतात, आणि त्यांची दिशा फार पूर्वी लिहून ठेवलेली आहे. जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली व्हर्च्युअल मशीनची काटेकोर व्याख्या केली. आतल्या प्रोग्रामला खऱ्या यंत्रावर असल्यासारखंच वाटलं पाहिजे, ही त्यातली एक अट. पण तिला त्यांनी दोन अपवाद ठेवले: वेळ, आणि हाताशी असलेली साधनसामग्री. मला ही व्याख्या फार आवडते, कारण आजही रेंगाळणाऱ्या सर्व्हरचं निदान करताना मी याच दोन ठिकाणी आधी बोट ठेवतो.

वेळेचं बघा. जुने कर्नल टायमरचे ठोके मोजून घड्याळ चालवत. सेकंदाला १००, २५० किंवा १००० ठोके. एकच प्रोसेसर अनेक मशीनमध्ये वाटायचा म्हणून हायपरव्हायझर, म्हणजे आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, आपल्या मशीनला काही क्षण बाजूला ठेवतो. तेवढ्यात ठोके हुकले की घड्याळ मागे पडतं. आताची मशीन केव्हीएम-क्लॉकसारख्या सोयीने यजमानाकडूनच, म्हणजे खालच्या खऱ्या यंत्राकडून, वेळ घेतात, तरी थांबवून ठेवलेलं किंवा जुन्या स्नॅपशॉटवर, म्हणजे आधी टिपून ठेवलेल्या स्थितीवर, परत नेलेलं मशीन भूतकाळातच जागं होऊ शकतं. मग ओळख पडताळणारं केर्बेरोस लॉगिन नाकारतं, कारण त्याला सहसा पाच मिनिटांपलीकडचा फरक चालत नाही, आणि वापरणारा बिचारा पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करत राहतो. घड्याळ जुळवण्याचं काम एकाकडेच द्यावं. मशीनमधला घड्याळ जुळवणारा प्रोग्राम क्रोनी आणि हायपरव्हायझरची टूल्स दोघंही वेळ ओढायला लागली, तर काटा पुढे-मागे हेलपाटत राहतो.

साधनसामग्रीचा तुटवडा आतून सहज कळत नाही. सर्व्हर कूर्मगतीने चालतो, पण कोणताही प्रोसेस फार काम करताना दिसत नाही. तेव्हा चालू प्रोसेस दाखवणाऱ्या ‘टॉप’ कमांडमधला ‘एसटी’चा आकडा पाहावा. मशीन काम करायला तयार होतं, पण प्रोसेसर दुसऱ्या मशीनला दिलेला होता, अशा वेळेचं ते प्रमाण. हा आकडा सतत १० टक्क्यांवर असेल, तर दोष यजमानावरच्या गर्दीत शोधावा. आतल्या सेटिंग्ज कितीही बदलल्या तरी फरक पडणार नाही. घाईघाईने आणखी आभासी प्रोसेसर देणं तर अनेकदा उलटंच पडतं, कारण रांगेत उभे राहणारे वाढतात.

चालू मशीन एका यजमानावरून दुसऱ्यावर नेताना हे दोन्ही अपवाद एकत्र भेटतात. मेमरी सहसा ४ केबीच्या पानांनी पाठवली जाते. दरम्यान बदललेली पानं पुन्हा पाठवायची, उरलेली थोडी झाली की मशीन क्षणभर थांबवून पलीकडे सुरू करायचं. एक गिगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी जातात, म्हणजे १६ जीबी मेमरीला दोन मिनिटांहून थोडं अधिक. पण आतला डेटाबेस सेकंदाला २०० एमबीची पानं बदलत असेल, तर पाठवण्यापेक्षा पानं बदलण्याचा वेग जास्त, आणि स्थलांतर ९० टक्क्यांच्या आसपास तासन्‌तास घुटमळत राहतं. वाढीव बँडविड्थ द्यावी, नाहीतर मशीनचे प्रोसेसर थोडा वेळ मुद्दाम मंद करावे. क्यूईएमयू-केव्हीएम या लिनक्सवरच्या हायपरव्हायझरमध्ये तशी सोय आहेच. फक्त तेवढ्या वेळेत सर्व्हर सुस्तावणार, हे वापरणाऱ्यांना आधी सांगून ठेवावं.