चाळ आणि वाडा एकच नाही हो

जुन्या पुण्यातल्या वाड्याचा फोटो टाकून खाली "चाळीतले दिवस" लिहिणारे लय आहेत. कॉमन संडास, पाण्याची बोंब, भिंतीला भिंत हे दोन्हीकडे होतं, मान्य. पण बघायचं असेल तर एकच बघा, मालक कुठे राहतो.

वाडा मुळात एका घराण्याचं घर, खर्च झेपेना म्हणून नंतर बिऱ्हाडं ठेवली, आणि मालक तिथेच आत. रात्री दिंडी दरवाजा कधी लावायचा ते तो ठरवणार. संबंध चांगले असले तर तुमच्या पोराची मुंज त्याच्या चौकात होईल, पंगतीत वाढायला मालकीणबाई स्वतः, तरी बिऱ्हाडकरू तो बिऱ्हाडकरूच. म्हणून तिथल्या माणसाच्या डोक्यात एकच, स्वतःची वास्तू, मग ती लांब का असेना. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठचे कितीतरी वाडे गेले आणि गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वसाहतीत अनेकांना नव्याने संसार मांडावा लागला.

चाळ भाड्यासाठीच बांधलेली, मालक बहुतेक वेळा दुसरीकडे. मुंबईत बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळींचं तर सरकारच मालक, १९२० च्या दशकातल्या १६० चौरस फुटांच्या खोल्या, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. मग वर्गणी, भांडण, गणपती सगळं भाडेकरूच बघणार, गिरगावात केशवजी नाईक चाळीचा गणपती १८९३ पासूनचा. लालबाग-परळला तर गावकीच्या खोल्या होत्या, म्हणजे कोकणातल्या नाहीतर साताऱ्याकडच्या एका गावातले गडी मिळून एक खोली, भिंतीला लागून ट्रंका, पाळी संपवून आलेला झोपणार तोवर दुसरा गिरणीत, जेवण खानावळीत, आणि नवीन पोरगं गावाहून आलं की त्याला कामाला चिकटवायची जबाबदारीही खोलीचीच. इथे पुढे जाणं एकट्याचं नव्हतं, गावाला ओढत न्यायचं असायचं. (खोलीत रोज भांडणंही व्हायची, उगाच गोडवे नकोत.) १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या तशी ही सोयही विस्कटली.

आता बीडीडीवाल्यांना ५०० फुटांची घरं मिळतायत, २०२५ मध्ये वरळीत पहिल्या चाव्या दिल्या, आणि चाळकऱ्यांची चर्चा मेंटेनन्स किती येणार आणि उत्सवाला जागा कुठे याची. पुण्यात मात्र वाडा पाडून बिल्डिंग झाली तरी मालकांचा फ्लॅट कुठला ते वॉचमनलासुद्धा विचारावं लागत नाही.