घाम वाचवणारा सूट

शनिवारी रात्री आमचा पाच जणांचा अड्डा जमतो. टेबलावर फासे, वह्या, चिवड्याचा डबा. मी गेम मास्टर, म्हणजे गोष्ट रचायची आणि बाकी चौघांच्या पात्रांवर संकटं आणायची हे माझं काम. गेल्या महिन्यात मी त्यांचं यान एका वाळवंटी ग्रहावर आपटवलं. दिवसा ४५ अंश, झाड नाही की पाला नाही, जवळची वस्ती १०० किलोमीटरवर आणि माणशी पाणी ६ लिटर. आता रंगत येणार म्हणून मी चिवड्याकडे हात नेला, तेवढ्यात आमचा एक मित्र, जो खेळात यानाचा इंजिनिअर असतो, शांतपणे म्हणाला, "माझ्याकडे सूट आहेत. घाम, लघवी, श्वासातली वाफ, सगळं गोळा करून गाळतात आणि नळीने परत प्यायला देतात. पाणी बाहेर जातच नाही. चला."

विज्ञानकथांना असा सूट नवा नाही. फासे टाकून "सूट बिघडले" म्हणता आलं असतं, पण तो रडीचा डाव झाला असता. मी एका आठवड्याची मुदत मागितली.

उत्तर आमच्या ओट्यावरच होतं. माठातलं पाणी गार का होतं हे आपण शाळेत शिकतो: पाणी मातीतून झिरपतं, बाहेरच्या अंगावर येऊन त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जातं. माठ जुना झाला की छिद्रं क्षारांनी बुजतात आणि गारवा जातो, तेव्हा आई म्हणते, "हा आता झिरपत नाही, बदला." आता समजा, झिरपून वाया जाणारं पाणी वाचवावं म्हणून कोणी माठाला प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधली. पाणी वाचेल, थेंब न् थेंब. फक्त माठ गार करणार नाही.

इंजिनिअरचा सूट म्हणजे ही पिशवी. माणूस म्हणजे माठ.

एक लिटर घामाची त्वचेवर वाफ झाली की ती साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. यालाच पुस्तकात बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणतात. सूट ती वाफ अडवतो आणि तिचं पुन्हा पाणी करतो. पण वाफेचं पाणी होताना तेच २४०० किलोज्यूल परत बाहेर पडतात, आणि ते पडतात सुटाच्या आत. एका हाताने घेतलं, दुसऱ्या हाताने दिलं. ही उष्णता सुटाबाहेर गेली तर गोष्ट वेगळी, पण बाहेर ४५ अंश आहे आणि त्वचा ३५-३६ अंशांची. उष्णता आपणहून गरम बाजूकडे जात नाही.

मग होतं काय? चालणारा माणूस साधारण ३०० वॅट उष्णता निर्माण करतो. नुसता बसला तरी १०० वॅट आहेतच. ही ३०० वॅट बाहेर जायला वाटच नसेल तर तासाला १०८० किलोज्यूल अंगात साठतात. ७० किलोचा माणूस एका अंशाने तापायला सुमारे २४५ किलोज्यूल लागतात. म्हणजे तासाला साडेचार अंशांच्या आसपास. ३७ वरून निघालेला इंजिनिअर तासाभरात ४१ च्या पुढे, उष्माघाताने जमिनीवर, आणि त्याच्या पाण्याच्या पिशवीत सगळं पाणी शाबूत. यात ऊन अजून धरलेलंच नाही.

हे कागदावरचं नाही. ५ जून १९६६ रोजी नासाच्या जेमिनी ९ए मोहिमेत अंतराळवीर यूजीन सर्नन यानाबाहेर पडले तेव्हा त्यांच्या सुटात गारव्यासाठी नुसती हवा खेळवलेली होती. अपेक्षेपेक्षा कष्ट कितीतरी जास्त पडले. हवा कमी पडली, घाम निथळत राहिला, शिरस्त्राणाची काच आतून धुरकटली आणि दिसेनासं झालं. काम अर्धवट टाकून ते आत परतले. त्यांचं वजन ६ किलोंच्या आसपास घटलं होतं. पुढे अपोलोच्या चांद्रवीरांनी अंगालगत बारीक नळ्यांचा अंगरखा घातला, त्या नळ्यांतून गार पाणी फिरत असे. ते पाणी गार ठेवायला पाठीवरच्या पेटीत सच्छिद्र पत्रा होता. वेगळं ठेवलेलं पाणी त्याच्या छिद्रांत गोठायचं आणि त्या बर्फाचं निर्वात अवकाशात संप्लवन, म्हणजे पाणी न होता थेट वाफ, व्हायचं. म्हणजे चंद्रावर, जिथे पाण्याचा थेंब सोन्याहून महाग, तिथेही अभियंत्यांनी पाणी मुद्दाम बाहेर सोडलं. माठच तो, अवकाशात पाठवलेला.

(आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात घाम आणि लघवीचं पाणी परत मिळवतात, २०२३ मध्ये ते प्रमाण ९८ टक्क्यांवर गेलं, हे खरं. पण तिथली उष्णता अमोनिया फिरवून मोठमोठ्या पंखांसारख्या पत्र्यांवरून अवकाशात फेकली जाते. ते पत्रे कोणी अंगावर घालत नाही.)

पुढच्या शनिवारी हा हिशेब मी टेबलावर ठेवला. इंजिनिअरने पाच मिनिटं वही पाहिली आणि म्हणाला, "ठीक. सुटात फ्रिज बसवतो."

याला मात्र दाद द्यावी लागली, कारण फ्रिज नेमकं हेच करतो, वीज खर्चून उष्णता गरम बाजूला ढकलतो. आम्ही मिळून गणित मांडलं. ३०० वॅट बाहेर टाकायला धडधाकट छोट्या यंत्राला १०० वॅट वीज लागेल असं धरलं. पाठीवर दाराच्या अर्ध्या फळीएवढी जाळी हवी, ती आजूबाजूपेक्षा गरम, ६० अंशांवर असली तरच उष्णता सोडणार, आणि तिच्यावर ऊन पडता कामा नये. १०० किलोमीटर म्हणजे २५ तासांची चाल, अडीच युनिट वीज. आजच्या लिथियम बॅटऱ्या किलोमागे सुमारे २०० वॅट-तास देतात, म्हणजे साडेबारा किलो बॅटरी. वर यंत्र, जाळी, पंखा. सगळं मिळून २० किलोंच्या घरात. आणि सूट न घालता, उन्हातून, घाम गाळत तेच अंतर कापलं तर? अंगातले ३०० वॅट आणि ऊन-हवेचे २०० धरले तर तासाला पाऊण लिटर घाम, एकूण १९ लिटर. सुटाचं वजन साधारण त्याने वाचवलेल्या पाण्याएवढंच भरलं. पाण्याची टंचाई विजेच्या टंचाईत बदलली, एवढाच फरक.

बर्फाचं जॅकेट कोणीतरी सुचवलं. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो. तेवढं काम घामाचे १४० मिलिलिटर करतात. तो विषय तिथेच संपला.

मग घालायचं काय? इथे मला विज्ञानकथेपेक्षा सिनाई आणि नेगेव या वाळवंटांतले बेदुइन, म्हणजे भटके अरब पशुपालक, जास्त मोलाचे वाटतात. रणरणत्या उन्हात हे लोक पायघोळ अंगरखे घालतात, आणि तेही अनेकदा काळे. काळा रंग ऊन पितो हे लहान मुलालाही ठाऊक, मग शतकानुशतकं वाळवंटात काढलेल्या माणसांना ते कळलं नसेल का? अमिराम श्कोल्निक, रिचर्ड टेलर, व्हर्जिनिया फिंच आणि आरिए बोरुत या चौघांनी नेगेवमध्ये हे मोजून पाहिलं आणि १९८० मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापलं. भर दुपारी एक माणूस उन्हात उभा. कधी काळ्या अंगरख्यात, कधी पांढऱ्या, कधी खाकी लष्करी गणवेशात, कधी नुसत्या अर्ध्या चड्डीत. निकाल असा की काळा अंगरखा पांढऱ्यापेक्षा जास्त तापला, पण आतल्या माणसापर्यंत पोचलेली उष्णता दोन्हींत सारखीच.

जास्तीची उष्णता वाटेतच गळाली. अंगरखा अंगाला चिकटलेला नसतो. कापड तापतं ते त्वचेपासून लांब, आणि तापलेल्या कापडाची उष्णता वाऱ्यावर बाहेरच्या बाहेर जाते. आत पोकळीत हवा आहे, ती तापून वर चढते, गळ्यातून निघून जाते आणि खालच्या घेरातून दुसरी येते. चुलीवरच्या धुराड्यासारखं. चालताना कापड फडफडतं तेव्हा भात्यासारखी हवा आत-बाहेर होते. ही हवा कोरडी, त्यामुळे घाम जिथे सुकायला हवा तिथेच, कातडीवर, सुकतो. यातलं गमक सैलपणात आहे. काळा टी-शर्ट अंगाला घट्ट बसवून हा प्रयोग करू नये.

आमच्यातला एक जण अकोल्याचा. त्याला यात काही नवल वाटलं नाही. "मे महिन्यात आमच्याकडे उघड्या अंगाने बाहेर पडलेला माणूस दाखव," तो म्हणाला, "पूर्ण बाह्या, डोक्याला दुपट्टा, कान झाकलेले." हवा त्वचेपेक्षा गरम असेल तर कपडा थंडीत करतो तेच काम उलट्या दिशेने करतो. मुंबईकराला हे पटत नाही, कारण मुंबईत घाम सुकतच नाही, धारा लागतात आणि निथळतो. निथळलेला घाम काही गार करत नाही, नुसतं पाणी आणि मीठ फुकट जातं. गार करतो तो सुकलेला घाम. वाळवंटात तो इतक्या झपाट्याने सुकतो की आपल्याला घाम येतोय हेच कळत नाही, आणि धोका तिथेच आहे.

उंटाचंही असंच. क्नुट श्मिट-नील्सन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने सहारात उंटाची लोकर कातरून पाहिली, तर त्याला दीडपट पाणी घामावाटे गमवावं लागलं. तहानलेला उंट आणखी एक युक्ती करतो. दिवसभर घाम न गाळता तापत राहतो, पहाटेचे ३४ अंश संध्याकाळी ४० पर्यंत जाऊ देतो, आणि साठलेली उष्णता रात्रीच्या गार हवेत सोडून देतो. ५०० किलोंच्या जनावरात ही उधारी चार लिटरहून जास्त पाण्याची होते. आपल्याला ती परवडत नाही. आपला मेंदू एवढी चढ-उतार सोसत नाही.

उंटाच्या नाकाची नक्कल मात्र करता येते. नाकातल्या गुंडाळीदार पडद्यांवर तो रात्री उच्छ्वासातली वाफ गार करून परत धरून ठेवतो. हे १९८१ मध्ये दाखवणाऱ्यांत श्मिट-नील्सन होते आणि काळ्या अंगरख्यांवाले श्कोल्निकही. सहारातल्या तुआरेग जमातीचे पुरुष तोंडावरून तगेलमुस्त गुंडाळतात, कित्येक मीटर लांबीचं निळीत रंगवलेलं कापड, ज्याचा रंग कातडीला लागतो. वाळू तर अडतेच, शिवाय ओठांपुढे श्वासाचा दमटपणा रेंगाळतो. अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासाच्या नळीला जो छोटा डबीसारखा फिल्टर लावतात तो हेच करतो, जाणाऱ्या श्वासातला ओलावा येणाऱ्या श्वासाला देतो.

तर इंजिनिअरच्या सुटातलं काय उरलं? श्वासाचं पाणी दिवसाला तीन-चारशे मिलिलिटर, लघवी कमीत कमी अर्धा लिटर. दोन्ही परत मिळवण्यात उष्णतेचा फारसा तोटा नाही. घामाला हात लावायचा नाही. आणि बंद सूट चालतोच, असा एक वेळ आहे, तो म्हणजे रात्र. बाहेर १५ अंश असेल तर वाफ सुटाच्या गार बाहेरच्या थरावर पाणी होते आणि तिची उष्णता हवेत निघून जाते. फक्त तेव्हा मुळात घामच फार येत नाही. हे सांगितलं तेव्हा इंजिनिअरने मला चिवडा द्यायचं बंद केलं.

चौघांनी शेवटी यानाच्या पॅराशूटचे अंगरखे शिवले. पॅराशूट नारिंगी-पांढरं होतं, कोणता रंग कोणाला यावर पंधरा मिनिटं गेली, आणि मी नेगेवचा प्रयोग पुन्हा सांगितला. दिवसा वाळू हातभर उकरून सावलीत पडायचं, कारण वरची वाळू पायाला चटके देत असली तरी खाली ती बरीच गार असते. चालायचं रात्री. डॉक्टरचं पात्र करणारीने पाणी कुलूपबंद करून तासाला एक झाकण द्यायचं ठरवलं, त्यावर मी हरकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात शरीरक्रियाशास्त्रज्ञ एडवर्ड अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात सैनिकांवर हेच तपासलं होतं. बाटलीत राखून ठेवलेल्या पाण्याने घाम कमी होत नाही, माणूस लवकर ढेपाळतो इतकंच. उलट तहान खोटं बोलते. पाणी हाताशी असतानाही माणसं गमावलेल्या घामाहून कमी पितात. राखायचा असतो तो घाम, म्हणजे टाळायची ती दुपारची चाल.

हिशेब तरीही जुळत नाही. सावलीत स्वस्थ पडूनही ४५ अंशांत दिवसाला तीनेक लिटर जातात, आणि मुक्काम तीन दिवसांचे. श्वासाच्या मास्कमधून आणि लघवीच्या पिशवीतून रोजचं एक लिटरही धड परत येत नाही, कारण पहिल्या रात्री पडलेल्या फाशांवर गाळणी चोंदली. आता माणशी दीड लिटर उरलंय, वस्ती अजून ४० किलोमीटरवर आहे, आणि इंजिनिअर विचारतोय की यानापाशी सोडून आलेल्या बॅटऱ्या परत जाऊन आणता येतील का.