नासाचा म्हणून फिरणारा तो फोटो दिवाळीचा नाहीच
पहाटे नरकासुर जाळला, तुळशीपुढे कारीट फोडलं, गुळातले पोहे घेऊन बसतोय तोच फोंड्याच्या काकांचा मेसेज, दिवाळीच्या रात्रीचा भारत, नासाने टिपलेला, सगळीकडे निळे-हिरवे-लाल दिवे. काका, तो एका रात्रीचा फोटोच नाही हो! अमेरिकेच्या नोआ या हवामान-समुद्र संस्थेतल्या शास्त्रज्ञाने २००३ मध्ये उपग्रहांच्या कित्येक वर्षांच्या डेटावरून तो बनवला, वस्ती कशी वाढत गेली ते दाखवायला, म्हणून पांढरे दिवे १९९२ च्या आधीचे, निळे १९९२ चे, हिरवे १९९८ चे आणि लाल २००३ चे. नासाने १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचा खरा फोटो दिलाय, साधा काळा-पांढरा. दिवाळीचा जादा उजेड अवकाशातून जाणवेल एवढा नसतोच, हेही तिथेच सांगितलंय.